ड्रायव्हरला ‘शांत राहा’ सांगण्याआधी : वेळापत्रक लावणाऱ्यांना खुले पत्र

फ्लीट मॅनेजर, डिस्पॅचर, ट्रिपा लावणारे सुपरवायझर, डिलिव्हरीच्या ॲपमध्ये मिनिटं भरणारे इंजिनिअर आणि गाडीला उशीर झाला की पहिला फोन लावणारे तुम्ही सगळे,

स. न. वि. वि.

हे पत्र रस्त्यावरच्या सुरक्षेबद्दल आहे, पण ड्रायव्हरांना लिहिलेलं नाही. त्यांना सल्ला द्यायला सगळं जग बसलंय. रागावू नका, घाई करू नका, मन एकाग्र ठेवा, घरच्या काळज्या घरी ठेवून या. केबिनमध्ये असे स्टिकर मी इतक्या वेळा पाहिलेत की आता ते मला दिसेनासे झालेत; ड्रायव्हरांचंही तेच होत असणार. मला बोलायचंय ते तुमच्याशी. ज्याला आपण सरसकट ‘ड्रायव्हरचा ताण’ म्हणतो, त्यातला बराचसा तुमच्या टेबलावर तयार होतो, ट्रिपशीटच्या म्हणजे फेऱ्यांच्या वेळा लावलेल्या कागदाच्या एका रकान्यात, आणि फोनवरून त्याच्यापर्यंत पोचतो. खाली जाळ तसाच ठेवायचा आणि झाकणावर ‘उतू जाऊ नये’ अशी चिठ्ठी चिकटवायची, असा हा प्रकार आहे.

माझं काम रिफ्रेशर ट्रेनिंगचं. परवाना असलेल्या, वर्षानुवर्षं स्टिअरिंगवर असलेल्या माणसांच्या शेजारी, प्रत्यक्ष ड्युटीवर असताना बसायचं आणि ते गाडी कशी चालवतात ते बघायचं. या कामात एक गोष्ट फार लवकर कळते. बहुतेकांना गाडी चालवता येते, आणि चांगली येते. ती कधी बिघडते हेच बघण्यासारखं असतं.

एक प्रसंग सांगतो. गाडी सुरेख चालली होती. दर काही सेकंदांनी नजर डाव्या आरशात, मग पुढे, मग उजव्या आरशात. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. क्लच-गिअर असे की गाडीत ठेवलेलं पाणी हलू नये. तेवढ्यात फोन वाजला. स्पीकरवर आवाज आला, “कुठे पोचलास? अजून तिथेच? पार्टी डोकं खातेय माझं.” ड्रायव्हर म्हणाला, “आलोच साहेब, दहा मिनिटांत.” बास, एवढंच. अर्ध्या मिनिटाचं बोलणं, शिवी नाही, धमकी नाही. दहा मिनिटांत पोचणं शक्य नाही हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि फोन करणाऱ्यालाही माहीत असावं. त्याच्या समोर नकाशावर गाडीचा ठिपका दिसतच होता.

फोन बंद झाला आणि मी घड्याळाकडे न बघता त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. आरशांत बघणं बंद झालं होतं. नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर खिळली. हात स्टिअरिंगवर वर सरकले, बोटांची पेरं पांढरी पडली, खांदे कानांजवळ आले. पुढचं अंतर आपोआप निम्म्यावर आलं. मग त्याने डावीकडची लेन घेतली, इंडिकेटर देऊन घेतली, पण त्या बाजूला एक मोटरसायकल होती. मी “डावीकडे!” म्हणालो तेव्हा तो दचकला आणि गाडी सावरली. पुढे थांब्यावर गाडी उभी केल्यावर मी त्याला विचारलं तर त्याला मोटरसायकल अजिबात आठवत नव्हती. पुढच्या गाडीला आपण चिकटलो होतो हेही त्याला पटेना. खोटं बोलत नव्हता तो. त्या मधल्या काही मिनिटांत त्याच्यापुरता रस्ता अरुंद झाला होता.

हे असं का होतं, ते आता चांगलं माहीत आहे. धोका जाणवला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं, हे वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडलं. ॲड्रेनलिन सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात. समोर श्वापद असेल तर ही उत्तम सोय आहे. गाडीत मात्र लढायलाही कुणी नसतं आणि पळायला जागाही नसते. ताठरलेले स्नायू फक्त स्टिअरिंग आवळतात आणि ब्रेक हिसक्याने दाबतात. नजरेचं काय होतं तेही मानसशास्त्रज्ञांनी पाहिलेलं आहे. ईस्टरब्रुक यांनी १९५९ साली मांडलं, की भावनिक उत्तेजना वाढत गेली की माणूस आजूबाजूच्या कमी-कमी खुणा टिपतो. जे मुख्य वाटतं ते पकडून ठेवतो, कडेचं गळतं. आता विचार करा, गाडी चालवताना जीव कशाकशामुळे वाचतो? बाजूच्या आरशातला ठिपका, उभ्या गाडीच्या खाली दिसणारे पाय, चेंडूच्या मागे धावत येणारं पोर, दोन गाड्यांपुढच्या गाडीचा लागलेला ब्रेकलाइट. सगळं कडेचं.

शिवाय तणावाखाली मेंदूचा पुढचा भाग, जो दोन-तीन गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवतो आणि ‘थांब, आत्ता नको’ म्हणतो, तो मंदावतो आणि सवयी पुढे येतात. ज्याची सवय सावकाश आणि अंतर राखून चालवण्याची, तो थोडा तरी वाचतो. ज्याला वर्षानुवर्षं तुम्ही घाईचीच सवय लावलीत, त्याची घाईच वर येते.

इथे तुमच्यातला कुणीतरी हमखास म्हणतो, “अहो, थोडं प्रेशर असावंच लागतं, नाहीतर माणसं झोपतात.” खरं आहे, आणि यामागे एक जुना प्रयोगही आहे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर तो केला. दोन वाटांमधली उजळ वाट कुठली आणि अंधारी कुठली हे उंदरांनी ओळखायचं. चुकलं की विजेचा हलका झटका. फरक सोपा होता तेव्हा झटका वाढवला तसे उंदीर लवकर शिकले. फरक बारीक केला तेव्हा मात्र झटका एका मर्यादेपलीकडे गेल्यावर शिकणं उलट लांबलं. व्यवस्थापनाच्या वर्गात या प्रयोगाचा पहिला अर्धाच सांगितला जातो असं मला वाटतं. काम जितकं अवघड, तितका सोसणारा दाब कमी, हा त्याचा दुसरा अर्धा. रिकाम्या सरळ रस्त्यावर पेंगणाऱ्या ड्रायव्हरला थोडी तरतरी येऊ दे, हरकत नाही. पण तुमचे फोन रिकाम्या रस्त्यावर येत नाहीत. गाडी अडकलेली असते तेव्हा येतात. म्हणजे गर्दीत, चौकात, पावसात, नेमकं जिथे काम सगळ्यांत अवघड असतं तिथे.

आणखी एक गोष्ट तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. ॲड्रेनलिन काही सेकंदांत चढतं, पण कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक सावकाश वाढतं. प्रयोगशाळेत माणसाला ताण देऊन मोजलं, तर ते साधारण २० ते ३० मिनिटांनी सर्वांत वर असतं आणि उतरायलाही वेळ घेतं. म्हणजे सकाळी गेटवर, चारचौघांत, कालच्या उशिरावरून तुम्ही ड्रायव्हरला झापलंत आणि चावी हातात दिलीत, तर त्याच्या शरीरातला तो ताण गेटवर संपत नाही. गाडी गावाबाहेर पडून वेगात आली की तेव्हा कुठे तो शिखरावर असतो. तुम्ही तोवर चहा पिऊन विसरलेले असता. झापायचंच असेल तर ड्युटी संपल्यावर, दार लावून झापा.

आता आकडे. अमेरिकेत ३,५०० हून अधिक ड्रायव्हरांच्या गाड्यांत कॅमेरे आणि सेन्सर बसवून त्यांचं रोजचं ड्रायव्हिंग नोंदवलं गेलं. त्यातल्या ९०५ अपघातांचं विश्लेषण २०१६ साली प्रसिद्ध झालं. ड्रायव्हर उघड दिसेल इतका संतापलेला, दुःखी, रडवेला किंवा अस्वस्थ असेल, तर अपघाताची जोखीम शांत, सावध ड्रायव्हिंगच्या तुलनेत ९.८ पट निघाली. हातात मोबाइल धरण्याची जोखीम त्याच अभ्यासात ३.६ पट होती. मोबाइलला आपण दंड करतो, बोर्ड लावतो, जाहिराती करतो. संतापलेल्या ड्रायव्हरच्या हाती चावी देऊ नये असा नियम तुमच्यापैकी किती जणांच्या कार्यालयात आहे? हेही लक्षात घ्या, की ९.८ हा आकडा कॅमेऱ्यात दिसलेल्या भावनेचा आहे. दात आवळून, चेहरा कोरा ठेवून गाडी हाकणारे त्यात धरलेलेच नाहीत, आणि पोटासाठी गाडी चालवणारे बहुतेक जण तेच करतात.

तुमच्या आवडत्या वाक्याकडे येतो. “वेळ भरून काढ.” हे म्हणताना पेन्सिल घेऊन कधी हिशेब केलाय? समजा गाडी १२ मिनिटं मागे पडली आहे आणि ४० किलोमीटर उरलेत. ताशी ६० च्या सरासरीने ४० मिनिटं लागतात. १२ मिनिटं भरून काढायची तर ते अंतर २८ मिनिटांत तोडायला हवं, म्हणजे सरासरी ताशी ८६. सरासरी हं. वाटेतले सिग्नल, वळणं, गतिरोधक धरले की काटा शंभरीच्या घरात न्यावा लागतो. ६० वरून ८६ वर गेलेल्या गाडीची धडकेची ऊर्जा दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतरही जवळपास दुप्पट. ६० ला गाडी सेकंदाला १७ मीटर जाते, ८६ ला २४ मीटर. तणावात लक्ष दुसरीकडे गेल्याने ब्रेकवर पाय यायला अर्धा सेकंद जरी उशीर झाला, तरी तेवढ्यात १२ मीटर गेले. रस्त्यावर उतरलेल्या माणसासाठी १२ मीटर म्हणजे सगळं काही.

आणि हाती काय लागतं? १० किलोमीटरवर ४० चा वेग ५० केला तर ३ मिनिटं वाचतात. ८० चा ९० केला तर ५० सेकंद. वेग आधीच जास्त असेल तर आणखी वाढवून मिळणारा वेळ नगण्य असतो, पण माणसाला तो खूप वाटतो. मानसशास्त्रात यावर बरंच संशोधन आहे आणि ही चूक शिकलेले लोकही सर्रास करतात. ड्रायव्हर करतो, तुम्हीही करता. फरक इतकाच की तुमची चूक खुर्चीत बसून होते.

‘भरून काढण्या’चं सगळ्यांत भयंकर उदाहरण मला माहीत आहे ते रस्त्यावरचं नाही, रुळांवरचं आहे. २५ एप्रिल २००५, जपानमधलं अमागासाकी. लोकलचा मोटरमन २३ वर्षांचा. इतामी स्टेशनवर त्याची गाडी थांबायच्या जागेच्या ७२ मीटर पुढे गेली. मागे घ्यावी लागली आणि स्टेशनातून सुटायला साधारण सव्वा मिनिट उशीर झाला. सव्वा मिनिट! पण जेआर वेस्ट या त्याच्या कंपनीत अशा चुकीला जी शिक्षा होती तिचं नाव होतं प्रशिक्षण, आणि प्रत्यक्षात कबुलीजबाब लिहिणं, वरिष्ठांची बोलणी खाणं असला तो अपमान होता. हा पोरगा आधी एकदा १३ दिवस त्यातून गेलेला होता. वेळापत्रकात उशीर सामावून घ्यायला फट म्हणून जवळपास ठेवलेलीच नव्हती. त्याने गार्डला अंतर कमी करून सांगण्याची विनवणी केली. गार्डने नियंत्रण कक्षाला ७२ ऐवजी ८ मीटर सांगितलं. २००७ च्या चौकशी अहवालानुसार मोटरमनचं लक्ष बहुधा त्या रेडिओवरच्या बोलण्याकडे लागलं होतं, आपल्याबद्दल वर काय सांगितलं जातंय याकडे, आणि ब्रेक लागायला उशीर झाला. ७० ची मर्यादा असलेल्या वळणात गाडी ११६ च्या वेगाने शिरली आणि रुळांवरून उडून शेजारच्या निवासी इमारतीत घुसली. १०६ प्रवासी गेले, मोटरमनही गेला. ५६२ जखमी.

मी हे वाचलं तेव्हा मला तो मोटरमन कमी आणि आपल्याकडचा तो ‘कुठे पोचलास?’वाला फोन जास्त आठवला. शिक्षेच्या भीतीने माणूस आपली चूक लपवायला बघतो आणि लपवायच्या नादात पुढची, मोठी चूक करतो. ट्रिपला उशीर झाला की कापले जाणारे पैसे, ग्रुपवर नावानिशी टाकलेला मेमो, रेटिंग घसरलं की बंद होणारं काम, ही सगळी त्याच जातीची यंत्रणा आहे. आणि मोटरमनला निदान स्टिअरिंग सांभाळायचं नव्हतं, समोरून येणारी वाहतूक नव्हती, मध्येच पळणारं कुत्रं नव्हतं.

फोनबद्दल अजून थोडं. “आम्ही हँड्सफ्री दिलाय” हे उत्तर मला नेहमी मिळतं. १९९७ साली कॅनडात रेडेल्मायर आणि टिबशिरानी यांनी ६९९ ड्रायव्हरांच्या फोनच्या नोंदी त्यांच्या अपघातांच्या वेळांशी पडताळून पाहिल्या. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका चौपट होता, आणि हँड्सफ्रीने त्यात उल्लेखनीय फरक पडत नव्हता. पुढे प्रयोगशाळेतही दिसलं, की बोलणाऱ्या ड्रायव्हरची नजर एखाद्या फलकावर पडते पण फलक डोक्यात उतरत नाही. शेजारी बसलेला माणूस चौक आला की गप्प बसतो. फोनवरच्याला चौक दिसत नाही. त्यात फोनवरचा माणूस मालक असेल, म्हणजे ज्याच्या मर्जीवर पगार आहे, तर मध्येच ‘थांबा, वळतोय’ म्हणायचीही सोय राहत नाही. इतके पैसे मोजून तुम्ही जीपीएस बसवलंय ना? मग गाडी कुठे आहे ते नकाशात बघा. ड्रायव्हरला विचारून गाडी पुढे सरकत नाही.

राहिला घरचा ताण. “तो आमच्या हातात नाही,” असं म्हणाल. अर्धं खरं. फ्रान्समध्ये एका मोठ्या कर्मचारीगटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घटस्फोट किंवा विभक्त होण्याच्या काळातून जाणाऱ्यांना गंभीर अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला. घरात आजारपण, कर्ज, मूल नापास, भावाशी भांडण, यातलं काहीही तुम्ही टाळू शकत नाही. पण त्या दिवशी ‘आज गाडी नको’ म्हणायची वाट तुम्ही ठेवलीय का, हा प्रश्न तुमचाच आहे. बहुतेक ठिकाणी ती नसते. खाडा केला तर दिवसाचा पगार गेला, वर बदली ड्रायव्हर आणून दिला नाही म्हणून दोन शब्द ऐकायचे. मग रात्रभर दवाखान्यात जागलेला माणूस सकाळी चेहऱ्यावर पाणी मारून येतो आणि चावी मागतो. सलग १७ तास जागं राहिलेल्याचं ड्रायव्हिंग साधारण रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यासारखं होतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. दारूचा वास आला असता तर तुम्ही त्याला फाटकातून आत घेतलं नसतं.

एक-दोन ठिकाणी मी वेगळी पद्धत पाहिली आहे. सकाळी चावी देताना सुपरवायझर टायर आणि ऑइल विचारतो तसंच, त्याच सुरात, “झोप झाली? डोकं ठिकाणावर?” असं विचारतो. उत्तर ‘नाही’ आलं तर त्या दिवशी लोडिंगचं, कागदपत्रांचं किंवा गॅरेजचं काम, पगार तोच. त्याचा गैरफायदा घेतील अशी शंका मलाही आली होती. तिथल्या सुपरवायझरने मला सांगितलं, की गैरफायदा घेणारे पूर्वीही दांडी मारतच होते. खरी गरज असलेले मात्र पूर्वी कधी बोलायचे नाहीत, आता बोलतात.

कायद्यांना हे सगळं अगदीच अपरिचित आहे असंही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७९ सालच्या १५३ क्रमांकाच्या करारात सलग ४ तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, दिवसाला एकूण ९ तास आणि आठवड्याला ४८ तासांपलीकडे नाही, असं आहे. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या नियमात एक कलम मला फार आवडतं. कापलेलं अंतर, माल पोचवण्याचा वेग किंवा वाहिलेला माल यावर ड्रायव्हरला बक्षिसी किंवा जादा पैसे देणं हे सुरक्षेला धोका होईल अशा प्रकारे करायला वाहतूक कंपनीला बंदी आहे. म्हणजे दोष स्टिअरिंगवरच्या हातांपर्यंत जाऊन थांबत नाही, इन्सेन्टिव्हचा तक्ता बनवणाऱ्यापर्यंत येतो. अर्थात हे सगळं मुख्यतः ट्रक-बससारख्या मोठ्या गाड्यांसाठी. दुचाकीवर पाठीला पिशवी लावून दर पार्सलमागे पैसे मिळवणाऱ्या पोराला यातलं बहुतेक काही लागू होत नाही, आणि सगळ्यात उघडं शरीर त्याचं.

‘इतक्या मिनिटांत’ ही हमी मागे घेतली तर धंदा बुडेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी डॉमिनोजचं उदाहरण बघावं. ३० मिनिटांत पोचवू नाहीतर भरपाई, ही त्यांची अमेरिकेतली हमी त्यांची ओळख बनली होती. डिलिव्हरीच्या अपघातांवरून खटले झाले आणि १९९३ साली कंपनीने ती अमेरिकेत मागे घेतली. कंपनी बुडाली नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

मागण्या मोठ्या नाहीत. पहिली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची वेळापत्रकाची आहे. फेरीला लागणारा वेळ तुम्ही सरासरीवरून काढता. सरासरी धरली की साधारण निम्म्या फेऱ्यांना उशीर होणार, हे गाडी सुटायच्या आधीच तुम्ही ठरवून टाकलंत. मग त्या निम्म्यांना रोज खुलासा मागता. वेळ लावायचा तर वाईट दिवस धरून लावा, दहातल्या आठ-नऊ फेऱ्या वेगमर्यादा पाळून आरामात बसतील असा. गाडी लवकर पोचली तर ड्रायव्हर पाय मोकळे करेल, त्याने काही बिघडत नाही. आणि तो वेळ ठरवताना त्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या दोघा-तिघांना विचारा. नकाशा सांगत नाही की शाळा सुटते तेव्हा तो पूल ओलांडायला किती वेळ लागतो.

गाडी चालू असताना फोन करू नका. निरोप टाका, तो थांबल्यावर वाचेल. गिऱ्हाइकाला उशीर कळवण्याचं काम तुमचं, ड्रायव्हरचं नाही. त्याच्या नंबरवर गिऱ्हाइकांचे फोन वळवायचं बंद करा. थोडक्यात वाचलेला अपघात ड्रायव्हरने स्वतःहून सांगितला तर त्याचा मेमो करू नका, आणि तसं काही घडल्यावर गाडी बाजूला घेऊन १५-२० मिनिटं उभं राहायला त्याला मोकळीक द्या. थरथरत्या हातांनी पुढे हाकण्यात कुणाचंच भलं नाही. दीर्घ श्वास, पाण्याचा घोट, खांदे सैल सोडणं, हे मी ट्रेनिंगमध्ये शिकवतो आणि त्याचा थोडा उपयोगही होतो. पण श्वासाने १२ मिनिटं भरून निघत नाहीत आणि ड्रायव्हरला ती भरून काढायचीच आहेत हे डोक्यात असेल, तर तो श्वासही घाईघाईने घेतो.

खर्चाचं म्हणाल तर येईल थोडा. कदाचित एखादी गाडी जास्त लागेल, एखादी फेरी कमी बसेल. त्या हिशेबात दुसऱ्या बाजूलाही रकाना मांडा: घासलेले ब्रेक, आपटलेले बंपर, वाढत जाणारा विम्याचा हप्ता, कामाला कंटाळून सोडून गेलेले ड्रायव्हर आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्यांना रस्ते शिकवण्यात गेलेले महिने. जगभरात २०२१ साली ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातल्या किती जणांच्या मागे कुणाचा ‘लवकर ये’ होता, हे कुठल्याच पंचनाम्यात लिहिलेलं नसतं. पंचनाम्यात ‘चालकाचा हलगर्जीपणा’ एवढंच येतं आणि फाइल बंद होते.

तुमच्यापैकी कुणाला यावर वाद घालायचा असेल तर जरूर घाला, मला आवडेल. अट एकच. आधी आपल्याच एका गाडीत, आपणच लावलेल्या सर्वांत घट्ट फेरीवर, शेजारच्या सीटवर पहिल्यापासून शेवटपर्यंत बसा. फोन घरी ठेवून या आणि ड्रायव्हरला सांगा, आज वेगमर्यादा काटेकोर पाळ. किती उशीर झाला ते लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा ट्रिपशीटमध्ये घाला.

कळावे,

आपला,
शेजारच्या सीटवरचा एक ट्रेनर